गळती

मेळ्यातून आणलं होतं ते भांडं.
निळं, खुर्ज्याच्या चिनी मातीचं, वीतभर खोल.
दुकानदार म्हणाला, यात कमळ छान दिसेल.
मी म्हटलं, पक्षी.
तो हसला, आणि पंधरा रुपये कमी केले.

थाटीपूरला घरामागे माझं अंगण म्हणजे
दोन सतरंज्या अंथराव्यात एवढं.
एक कढीपत्ता, मेंदीचं कुंपण,
आणि किल्ल्याच्या बाजूने येणारी धूळ.
मधोमध तिपाई ठेवली, तिच्यावर भांडं,
पाणी काठोकाठ.
चैत्र संपला. कोणी आलं नाही.

आलं नाही असंही नाही, बघून गेले.
सातभाई आले (मोजले, तर नऊ भरले),
तावातावाने कसलासा ठराव केला
आणि तो माझ्याविरुद्ध मंजूर करून उडाले.
एक बुलबुल तारेवर बसून राहिला,
अर्ज हातात, पण खिडकीशी जायचा धीर नाही
अशा माणसासारखा.
असली माणसं मला ओळखता येतात.
बत्तीस वर्षं जलप्रदायात काढली मी.
लोकांना मुलांचे वाढदिवस पाठ असतात,
मला तिघऱ्याची पातळी असायची.
कुठल्या गल्लीत, एक दिवसाआड, किती मिनिटं,
तो तक्ता माझ्या हातचा.
त्यापायी शिव्या खाल्ल्या, दोन्ही भाषांत.
पाणी समोर आहे आणि कोणी घेत नाही,
हे मात्र सेवाकाळात कधी घडलं नव्हतं.

रामसेवक कुशवाह रविवारी मेंदी छाटायला येतो.
त्याने भांड्यात बोट घातलं,
मग मनगट.
"बाबूजी, ये तो कुआँ है."
चिमणीचा गुडघा कुठे असतो, बघितलाय कधी?
तळ गुळगुळीत, पाय कशावर रोवायचा?
आणि भर चौकात बसून आंघोळ कोण करतं?
वर एखादी फांदी हवी, पळायला.
मेंदीला खेटूनही नको, तिथे मांजर असते.

पुढच्या रविवारी त्याने
जाळ्या कोरणाऱ्याकडची एक फरशी आणली,
तडकलेली, म्हणून टाकून दिलेली.
मधे उथळ खळगा, छिन्नीचे ओरखडे तसेच.
बोटाच्या एका पेराएवढं पाणी त्यात मावतं.
कढीपत्त्याखाली मांडली.
निळ्या भांड्यात मी आता कांदे ठेवतो.

तरी चार दिवस काही नाही.
वैशाखाची लू. दुपारी अकरापासून
रस्ते सुद्धा डोळे मिटून घेतात.
पाचव्या दिवशी कपाटात टॉर्च शोधताना
सलाइनची नळी हाती लागली,
शालनच्या शेवटच्या महिन्यातली, न उघडलेली.
बाटली फांदीला टांगली. चाक फिरवलं.
मिनिटाला वीस थेंब.
कसे मोजायचे ते नर्सने शिकवलं होतं,
घड्याळ न बघता येतं मला अजून.

टप्.
सगळी नोकरी हा आवाज बंद करण्यात गेली.
रात्री-बेरात्री पाना घेऊन
वाहत्या रस्त्यांवर उकिडवा बसलोय मी.
आता स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या हाताने,
उन्हाळ्यात,
एक गळती उघडून बसलो होतो
आणि खिडकीचा पडदा धरून वाट बघत होतो.

टप्. टप्.
तारेवरचा बुलबुल मान तिरकी करून ऐकत राहिला.
मग फांदीवर. मग फरशीच्या काठावर.
एक घोट, आणि आभाळाकडे चोच.
आणि मग काही न सांगता, न विचारता,
पोट टेकवून बसला खाली,
पंखांनी असं काही पाणी उडवलं
की काचेपर्यंत दोन थेंब आले.
मी मागे सरलो. उगाच.
कोणी आंघोळ करत असताना बघू नये म्हणून असेल.

आता साळुंक्या येतात, होले येतात,
दयाळ येतो संध्याकाळी, एकटा.
फरशी रोज घासतो, शेवाळ धरू देत नाही.
खर्च दिवसाला दीड लिटर. वहीत लिहितो.

काल सातभाई परत आले.
मोजले. आठ.
पुन्हा मोजले.
भांडत, ढकलत, एकमेकांच्या पाठीवर पाणी उडवत
आठच.
मी उभाच राहिलो, दाराची कडी हातात.
बराच वेळाने मेंदीखालून नववा निघाला,
एक पाय जरा आखडून, सगळ्यांच्या मागून.
तोवर फरशी कोरडी झाली होती.

मी बाहेर जाऊन
नळीचं चाक थोडं सैल केलं.